नऊ वाजेपर्यंत

डॉक्टरांनी फिल्म काचेला लावली, मागचा दिवा लावला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

"हा बघा. रक्तवाहिनीला इथं फुगा आलाय."

मला काही दिसलं नाही. पांढऱ्या फांद्याच फांद्या होत्या, आणि एका फांदीला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं होतं. ह्यांना मात्र दिसलं. खुर्चीतून पुढं वाकून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, टायरला असा फुगा आलेली गाडी आम्ही कधी आगाराबाहेर सोडली नाही."

"मग ह्या गाडीचं काय करायचं म्हणता?"

"वर्कशॉपला लावायची. दुसरं काय?"

डॉ. हेर्लेकर हसले. मीही हसले असेन. नऊ वर्षं झाली त्याला.

हे एस.टी.त होते. तासगावच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून सव्वीस वर्षं काढली आणि त्या सव्वीस वर्षांत माईक दुसऱ्या कुणाच्या हाती फारसा लागू दिला नाही. "तासगावहून विट्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे," हे वाक्य ते असं म्हणायचे, की विट्याला न जाणाऱ्या माणसालाही उठावंसं वाटावं. निवृत्त झाल्यावर घरात गाड्या सोडू लागले. पानं वाढली की जेवणाची गाडी लागायची, मी देवळात निघाले की देवळाची. वैजू, आमची मुलगी, लहानपणी स्टँडवरच्या त्या आवाजाला लाजायची, मोठेपणी तिच्या सांगलीच्या शाळेत मुलांना ह्याच थाटात ओळीत उभं करायची.

फुगा सापडला तो योगायोगानं. स्कूटरवरून घसरून डोक्याला खोक पडली म्हणून सांगलीला नेऊन फोटो काढले. माराचं काही निघालं नाही, हे निघालं. ह्यांचे थोरले भाऊ पन्नाशीत "डोकं फार दुखतंय" एवढंच म्हणून गेले होते, ते ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत समजावून सांगितलं. काही न करता ठेवला तर फुगा जन्मभर तसाच राहील, किंवा उद्या फुटेल. फुटला तर दहातले तीन-चार वाचत नाहीत, वाचलेल्यांतले पुष्कळ पूर्वीसारखे होत नाहीत. कवटी न उघडताही उपाय होता. जांघेतल्या शिरेतून बारीक तार वर न्यायची, फुगा आतून तारेच्या वेटोळ्यांनी भरायचा आणि त्याच्या तोंडाशी जाळीची नळी बसवायची. पण त्यातही शंभरातल्या चार-पाच जणांना काहीतरी होतं. जाळीत रक्ताची गुठळी धरते. हातपाय जातात, क्वचित जीव.

"तुमचा फुगा डाव्या बाजूला आहे," डॉक्टर म्हणाले, "बोलण्याच्या जागेला रक्त नेणाऱ्या वाहिनीवर. हे आधीच सांगून ठेवतो."

ह्यांनी पहिल्यांदाच गंमत केली नाही. विचारलं, "बोलणं जातं म्हणजे अजिबातच जातं का?"

काहींचं अर्धं जातं, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना एस.टी.त खिडकीपाशी बसून ते कवठे एकंद मागं पडेपर्यंत समोरून येणाऱ्या गाड्या बघत होते. मग म्हणाले, "मेलो तर तू रडशील आणि चार दिवसांनी उठून पूजेला लागशील. ते ठीक आहे. पण मी मुका होऊन बसलो तर? सकाळी तू मुकी, दिवसभर मी मुका. घरात बोलायचं कुणी?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना मरणाची भीती नव्हती, ह्याची होती. ते मला त्या दिवशी समजलं होतं, आणि म्हणून पुढचं सांगताना मला कुठलीही सबब नाही.

माझ्या मौनाबद्दल सांगायला हवं. व्रतं मी लहानपणापासून करत आले. गुरुवार, संकष्टी, एकादशी, चातुर्मासात काही ना काही नेम. एका चातुर्मासात मौन धरलं होतं. पहाटे उठायचं ते पूजा, पोथीचा अध्याय आणि जप होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चातुर्मास संपला तरी मला ते सोडवेना. इतकं शांत मला दिवसात दुसरं कधी वाटत नसे. ते अकरा वर्षं चाललं होतं.

ह्यांनी त्याचा खेळ केला. बोलून माझं मौन मोडायचं, ह्यात काही मर्दुमकी नाही, असं त्यांचं म्हणणं. मग तेही त्या वेळात बोलत नसत. देवघराच्या दारात उभे राहून मुकाट्यानं नकला करायचे. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई, देवळातले पुजारी, आणि गालफडात तंबाखूचा बार भरून तोंड एका बाजूला वाकडं झालेला मारुती ड्रायव्हर. मी हसले, फिसकन जरी आवाज आला, तरी ते जिंकले. जिंकले की मी दुपारी शिरा करायचा. अकरा वर्षांत चार वेळा शिरा झाला, आणि त्यातल्या तीन वेळा मारुतीमुळे.

आमच्या घरी सकाळी कुणी बोलत नाही हे गल्लीला माहीत होतं. दूधवालाही पातेलं न वाजवता दूध घालून जायचा.

ऑपरेशनला साडेतीन तास लागले. वैजू आणि मी बाहेर बाकावर होतो. ती मोबाईलवर काहीतरी वाचून मला सांगत होती, आणि मी हो हो म्हणत होते. डोळे मिटून मी नवस बोलले. काय बोलले ते तिला सांगितलं नाही. नवस सांगू नये.

सगळं नीट झालं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि जाळी छान बसली म्हणाले. आम्हाला आत सोडलं तेव्हा ह्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते, घसा बसला होता. वैजूनं विचारलं, "बाबा, बोलता येतंय ना?" त्यांनी ओठ ओले केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तासगावकडे जाणाऱ्या प्रवाशांनी घाई करू नये." शेजारच्या खाटेजवळची सिस्टर वळून बघायला लागली. वैजू हसता हसता रडली. मी मनातल्या मनात हात जोडले. देवानं त्याचं केलं होतं. आता माझं राहिलं होतं.

चार दिवसांनी घरी सोडलं. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं. त्यांतली मी एकही चुकू दिली नाही. दुसरी गोष्ट, पहिले काही आठवडे रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांना बोलतं करायचं. नाव विचारायचं, वार विचारायचा, दोन्ही हात वर करायला लावायचे, हसायला लावायचं. शब्द अडखळला, तोंड वाकडं दिसलं, हात खाली आला, तर फोनबिन करत बसायचं नाही, सरळ इथं यायचं.

"मेंदूला रक्त थांबलं की मिनिटामिनिटाला नुकसान होतं, काकू," ते म्हणाले. "सकाळची वेळ महत्त्वाची. झोपेत झालेलं कळत नाही, म्हणून उठल्या उठल्या."

मी मान डोलावली. माझ्या मौनाबद्दल काही बोलले नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

वैजू बारा दिवस राहिली. सकाळी साडेसहाला तीच त्यांच्या समोर बसायची. आज वार कोणता, असं विचारलं की हे कधी "रथोत्सव" म्हणायचे, कधी "पगाराचा". ती वैतागायची. मी आत पूजेला बसलेली असायचे आणि दोघांची ती कुरबूर ऐकून मला बरं वाटायचं. रविवारी तिला परत जाणं भाग होतं, शाळेत परीक्षा होत्या. निघताना तिनं तो तपासणीचा कागद फ्रिजला चिकटवला.

"उठल्या उठल्या विचारायचं हं, आई. आणि तुझं मौन?"

"बघते मी," म्हणाले.

तिला वाटलं मी काही दिवस मौन बाजूला ठेवणार. तिला तसं वाटू दिलं.

गुरुवारी सकाळी नऊला माझा जप संपला. तुळशीला पाणी घालून मी बाहेर सोप्यावर आले. हे खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "सुटलं एकदाचं. चला, आज वार कोणता सांगा, आणि उगाच रथोत्सव नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, त्यातून एक आवाज आला, पण तो शब्द नव्हता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच आवाज. उजवा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला लोंबत होता. डाव्या हातानं त्यांनी माझा पदर धरला आणि सोडला नाही. शेजारच्या बाळू लोंढेनं त्यांना उचलून त्याच्या व्हॅनमध्ये ठेवलं, तोवर तो पदर त्यांच्या मुठीतच होता.

बाळूनं गाडी फार जोरात नेली. दहाच्या आत आम्ही सांगलीत होतो. वैजू शाळेतून थेट येऊन दारातच उभी होती. ह्यांना स्ट्रेचरवर घेतलं, आत नेलं, आणि पंधरा मिनिटांत डॉ. हेर्लेकर बाहेर आले. एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन त्यांच्या मागं होता.

"काकू, नीट आठवून सांगा. शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलंत?"

"नऊला," मी म्हणाले. "नऊला मी बोलायला गेले आणि मग हे असं."

"म्हणजे नऊच्या आधी ठीक होते?"

मी होकारार्थी मान हलवली.

तरुण डॉक्टरनं कागदावर वेळ लिहिली. डॉ. हेर्लेकरांचा चेहरा थोडा सैल झाला. तासाभरातलंच आहे, म्हणाले, फार लवकर आणलंत. वैजूनं माझा खांदा दाबला. मी तिचा हात तसाच राहू दिला.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. गुठळी विरघळवायचं एक औषध आहे. लवकर दिलं तर माणूस उठून बोलायला लागल्याचंही त्यांनी पाहिलं आहे. धोका एवढाच, की मेंदूचा भाग आधीच मेलेला असेल आणि त्यावर हे औषध गेलं, तर तिथंच रक्तस्राव होतो. मग आमच्या हातात काही राहत नाही.

"म्हणून वेळेवरच सगळं आहे," ते म्हणाले. "तुम्ही नऊ म्हणालात म्हणून मी हे देऊ शकतो. इथं सही करा."

तरुण डॉक्टरनं कागद पुढं केला. आतून एक सिस्टर भरलेली सुई ठेवलेला ट्रे घेऊन गेली.

मी पेन हातात घेतलं. आयुष्यात मी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण बोलले की मला जेवण जात नसे. आणि इथं मी एवढ्या शांतपणे बोलले होते, की माझं मलाच ते खोटं वाटलं नव्हतं. नऊलाच तर कळलं, असं मी गाडीत सबंध वाटभर मनाशी म्हणत आले होते.

"साडेसहा," मी म्हणाले.

डॉक्टरांना ऐकू गेलं नसावं. माझा आवाज मुळातच लहान. वैजू म्हणाली, "काय, आई?"

"साडेसहाला ते देवघराच्या दारात आले होते."

मग मी सगळं सांगितलं. उभ्यानंच, पेन हातात धरून. मी पाटावर बसले होते, देवांना अंघोळ घालत होते. दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं. हे डाव्या हातानं चौकट धरून उभे होते. तोंड एका बाजूला वाकडं केलेलं. मारुती ड्रायव्हर. मला हसू आलं. हसू फुटू नये म्हणून मी लगेच मान खाली घातली आणि तळहात वर करून त्यांना थांबा म्हणून खुणावलं. ते गेले नाहीत. त्यांनी चौकटीवर बोटांनी टकटक केलं. मी पुन्हा हात केला, मान वर न करता. आज फारच नेटानं लागलेत, असं मनात आलं, आणि गुरुवारी मी हरणार नाही, असंही आलं. नंतर त्यांच्या पायांचा आवाज आला. एक पाय घासत होता. सपाता घातल्या असतील, असं वाटलं.

साडेसातला मी चहा करून सोप्यावर ठेवून आले होते. त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं की हसू येतं, म्हणून त्या वेळात मी पाहतच नसे. आठ वाजता खिडकीतून दिसलं की चहा तसाच आहे. रुसलेत, असं वाटलं.

"आणि त्याआधी?" डॉ. हेर्लेकरांनी विचारलं. "बोलताना कधी ऐकलंत?"

"रात्री दहाला. झोपायच्या आधी."

तरुण डॉक्टरनं लिहिलेली वेळ खोडली.

वैजू माझ्याकडे बघत होती. तिला अजून काहीतरी जुळत नव्हतं. "पण आई," ती म्हणाली, "तुझं मौन सातला सुटतं ना? सात वाजता तू बोलायला हवी होतीस. नऊ कुठून आलं?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नवस होता," मी म्हणाले. "ऑपरेशन नीट झालं, बोलणं शाबूत राहिलं, तर एकवीस दिवस मौन दोन तास वाढवीन. तू गेल्यावर, सोमवारपासून धरलं."

डॉ. हेर्लेकरांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, ते औषध थांबवा, आधी पुन्हा फोटो घ्या.

फोटोत दिसलं की डावीकडचा एक भाग कधीच गेला होता. ते औषध दिलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी बोटांची मूठ एकदम उघडून दाखवलं. त्यांनी तारेनं वाट मोकळी केली, जेवढा मेंदू राहिला होता तेवढा राहिला. जीव वाचला. संध्याकाळी ते मला म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून वाचले, काकू. बाकीचे नातेवाईक सांगत नाहीत." हे वाक्य पुढं आमच्या सगळ्या नात्यात फिरलं. माझ्या तोंडावर माझं कौतुक झालं. माझ्या खरेपणाची हकिगत एका हळदीकुंकवात मी बसलेली असताना दुसऱ्या बाईनं सांगितली. तिच्या सांगण्यात मी सहीच्या आधी म्हणालेलं "नऊला" नव्हतं, आणि मी ते घातलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं होतं. सातला आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. साडेसहाला आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बरं झालं असतं.

वैजूनं मला दोष दिला नाही. एकदाच, डबा घेऊन आली होती तेव्हा, माझ्याकडे पाठ करून बाटलीत पाणी भरता भरता म्हणाली, "ते जास्तीचे दोन तास देवानं तुझ्याकडे मागितले होते का, आई?" मग बाटलीचं झाकण लावलं आणि बाबांना पाजायला गेली.

ते चालायला लागले, काठी घेऊन. उजव्या हातात जीव थोडाच आला. बोलण्यासाठी आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची, आरती नावाची, वैजूपेक्षाही लहान. ती चित्रं दाखवायची, गाय, चमचा, छत्री. त्यांना चित्र कळायचं, शब्द सापडायचा नाही. घाम यायचा. एक दिवस तिनं सहज विचारलं की काका काय काम करायचे. मी सांगितलं. ती म्हणाली, पाठ झालेलं कधीकधी मेंदूत दुसऱ्या वाटेनं टिकून राहतं, आणि तिनं स्वतःच सुरुवात केली, "तासगावहून…"

"विट्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे," ते म्हणाले. सगळं. त्याच आवाजात.

आरतीनं टाळ्या वाजवल्या. त्यांनी डाव्या हातानं तांब्याकडे बोट केलं, पाणी हवं होतं, आणि पाणी हा शब्द त्यांना आला नाही. मी तांब्या दिला आणि आत जाऊन उभी राहिले.

नऊ वर्षांत तीस-चाळीस शब्द परत आले. माझं नाव आलं नाही, पण ते तर ते कधी घेतच नसत. मी मौन सोडलं. गुरुवार करते, एकादशी करते, पूजा चुकत नाही, पण पहाटे डोळा उघडला की आधी त्यांच्या खाटेशी जाते आणि बोलायला लागते. आज वार कोणता, थंडी किती आहे, दूध कोणी घातलं. माझा स्वभाव बोलण्याचा नाही, तोंड दुखतं, विषय संपतात. तरी बोलते. लोकांना वाटतं त्यांना सुधारावं म्हणून बोलते. आमच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी एकदा विचारलं, मौनासारखं मोठं साधन का सोडलंत. प्रकृती झेपत नाही म्हणाले. तेही खोटंच.

त्यांना काय काय आठवतं हे मला माहीत नव्हतं. विचारायचं धाडस मी केलं नाही. एकतर त्यांच्या हो-नाहीचा भरवसा नसतो. आरतीनं हे पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, की ह्या दोन शब्दांची त्यांच्याकडून अदलाबदल होते. चहा हवा का विचारलं की कधी नाही म्हणतात आणि हात पुढं करतात. "शब्दावर जाऊ नका, काकू," ती म्हणाली होती, "त्यांच्या चेहऱ्यावर बघत जा. चेहरा चुकत नाही." ते खरं आहे. मला आता त्यांचा चेहरा नीट वाचता येतो. पाऊस नको आहे, वैजूचा फोन हवा आहे, पाय दुखतो आहे, सगळं कळतं.

गेल्या पौषात आम्ही दुपारी सोप्यावर पावटे सोलत बसलो होतो. ते डाव्या हातानं शेंग दातात धरून उघडतात आणि दाणे माझ्या ताटात टाकतात. ऊन पायांवर आलं होतं. मी सकाळपासून बोलतच होते, बोलता बोलता गप्प झाले, आणि मग ते माझ्या तोंडून निघालं.

"त्या दिवशी देवघराच्या दारात तुम्ही आला होतात. मला बोलवायलाच आला होतात ना?"

त्यांचा हात थांबला. गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली.

"नाही," ते म्हणाले. अगदी स्वच्छ.

त्यांच्या चेहऱ्यावर खरं काय ते लगेच दिसलं असतं. मी हातातली शेंग सोलत राहिले आणि मान वर केली नाही.